जुना संगणक, ट्रॅकर आणि मिडी : जोडणीपासून सिंकपर्यंत

ट्रॅकरच्या, म्हणजे ओळी-कॉलमांत नोटा लिहून संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पडद्यावर वरून खाली वाचल्या जाणाऱ्या ओळी आणि शेजारच्या सिंथमधून (सिंथेसायझरमधून) येणारा आवाज यांच्यामध्ये जे काही बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा दोन गोष्टींत सापडतं. पहिली म्हणजे मिडीची, म्हणजे संगीताच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या पद्धतीची, वायर एकाच ठरलेल्या वेगानं चालते आणि तो वेग आजच्या मानानं फारच कमी आहे. दुसरी म्हणजे ट्रॅकरमधल्या नोटेला लांबी नसते. ती सुरू कधी करायची एवढंच ट्रॅकरला ठाऊक असतं. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असल्या की पुढची जोडाजोड अंदाजानं करावी लागत नाही.

मिडी १९८३ मध्ये आलं. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. प्रत्येक बाइटसाठी एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि एक स्टॉप बिट असे दहा बिट जातात, म्हणजे एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३,१२५ बाइट. नोट वाजवण्याचा निरोप तीन बाइटांचा असतो, म्हणजे एका नोटेला जवळजवळ एक मिलिसेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वायरीतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातात. सिंथचा ऑडिओ स्पीकरपर्यंत किंवा मिक्सरपर्यंत वेगळ्या वायरनं न्यावा लागतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते.

यंत्र कुठलं?

अटारी एसटीमध्ये १९८५ पासून मिडी इन आणि आउट सॉकेट यंत्रावरच आहेत. वेगळं काही घ्यावं लागत नाही. मात्र एसटीची खरी ताकद सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे नोटा नोंदवून त्या वेळेवर वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. त्यावरचे बरेचसे ट्रॅकर यंत्राच्या आतलाच आवाज वाजवतात, बाहेर मिडी पाठवत नाहीत. ट्रॅकर आणि मिडी दोन्ही हवे असतील तर अमिगावर ऑक्टामेड किंवा डॉसच्या पीसीवर फास्टट्रॅकर २ अथवा इम्पल्स ट्रॅकर, हे दोन सरळ मार्ग आहेत. अमिगावरचा प्रोट्रॅकर चार सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) चॅनेलसाठी उत्तम आहे, पण बाहेरचे सिंथ चालवणं हे त्याचं काम नव्हे.

कमोडोर ६४ ला मिडी कार्ट्रिज लागतं. त्यात एक कटकट आहे: सिक्वेन्शियल, पासपोर्ट, डेटेल आणि नेमसॉफ्ट अशा वेगवेगळ्या धाटणीची कार्ट्रिजं होती. बहुतेकांत चिप एकच, ६८५०, पण ती मेमरीत वेगवेगळ्या पत्त्यांवर बसवलेली. सिड-विझार्डसारख्या ट्रॅकरमध्ये तुमच्या कार्ट्रिजचाच प्रकार निवडलेला नसेल, तर सगळं ठीक दिसेल आणि एकही नोट यायची नाही.

जुन्या पीसीच्या साध्या कॉम पोर्टवर मिडी चालवण्याचा बेत मात्र सोडून द्या. त्या पोर्टचा वेग १,१५,२०० ला पूर्णांकानं भागून ठरतो, आणि ३१,२५० साठी भागाकार ३.६८६४ येतो. तो वेग त्या पोर्टला देताच येत नाही. काही रोलँड मॉड्यूलांवर (कीबोर्ड नसलेल्या सिंथांवर) संगणकाला थेट जोडायचं सॉकेट असतं, ते पीसीशी ३८,४०० च्या वेगानं बोलतं ते याच कारणानं. पण तो वेगळा मार्ग आहे आणि त्याला तसं सॉफ्टवेअर लागतं.

केबल: पाच पिना, कामाच्या तीन

मिडीचा डिन प्लग पाच पिनांचा असला तरी निरोप ४ आणि ५ या पिनांवरून जातो. पिन २ शील्डची. १ आणि ३ रिकाम्या. पिनांचे क्रमांक अर्धगोलावर ओळीनं नसतात, १-४-२-५-३ असा क्रम असतो. स्वतः प्लग सोल्डर करणारे हमखास इथे चुकतात. प्लगवर बारीक अक्षरांत क्रमांक छापलेले असतात, भिंग घेऊन वाचा.

केबलची लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. मल्टिमीटरनं ४ ची ४ शी, ५ ची ५ शी आणि २ ची २ शी जोडणी आहे ना ते पाहा, आणि त्या तिघींत आपसांत शॉर्ट नाही याचीही खात्री करा. जुन्या ऑडिओ उपकरणांच्या पाच पिनी केबल दिसायला हुबेहूब तशाच असतात, पण काहींमध्ये आतल्या तारा उलटसुलट जोडलेल्या असतात.

अटारी एसटीबाबत एक खास सूचना. तिच्या मिडी आउट सॉकेटवर १ आणि ३ या पिना रिकाम्या नाहीत, त्यांवर थ्रूचा, म्हणजे इनमध्ये आलेलं जसंच्या तसं पुढे पाठवणारा, सिग्नल आहे. पाचही तारा जोडलेली केबल लावली तर तो सिग्नल पलीकडच्या यंत्राच्या अशा पिनांवर पोहोचतो जिथे त्याची अपेक्षाच नाही. एसटीसाठी २, ४ आणि ५ एवढ्याच तारा असलेली केबल वापरा.

अमिगाचा इंटरफेस

अमिगाच्या सीरियल पोर्टला ३१,२५० चा वेग जमतो, फक्त व्होल्टेजची पातळी मिडीची नाही. म्हणून मध्ये इंटरफेस लागतो. तयार मिळाला तर घ्या, पण कुठल्या मॉडेलसाठी बनवलाय ते आधी विचारा. अमिगा १००० चा सीरियल पोर्ट फिमेल आहे आणि त्याच्या पिन २१ वर ५ व्होल्ट, २३ वर १२ व्होल्ट येतात. ५०० आणि २००० वर पोर्ट मेल आहे आणि अधिक-उणे १२ व्होल्ट पिन ९ आणि १० वर आहेत. १००० साठीचा इंटरफेस जेंडर चेंजर लावून ५०० ला जोडला, तर वीज भलत्याच ठिकाणी जाते किंवा जातच नाही.

स्वतः बनवायचा असेल तर लागणारे भाग थोडे आहेत: एक मॅक्स२३२ (व्होल्टेजची पातळी बदलणारी चिप) आणि त्याचे चार १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, एक ७४एचसी१४ (सिग्नल उलटवणाऱ्या इन्व्हर्टरांची चिप), एक ६एन१३८ ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल नेऊन दोन यंत्रांची वीज वेगळी ठेवणारा भाग), २२० ओहमचे तीन रेझिस्टर, १ किलोओहमचा एक, १० किलोओहमचा एक, एक १एन४१४८ डायोड, प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर, दोन डिन सॉकेट आणि २५ पिनी कनेक्टर. वीज अमिगाच्या पिन ९ मधून ओढू नका, तिथून फार थोडा करंट घ्यायची मुभा आहे. ५ व्होल्टचा साधा यूएसबी चार्जर पुरतो. त्याची ग्राउंड पोर्टच्या पिन ७ शी जोडा.

आउटची बाजू अशी. पोर्टची पिन २ मॅक्स२३२ च्या पिन १३ ला. पिन १२ मधून निघालेला सिग्नल ७४एचसी१४ च्या दोन इन्व्हर्टरमधून एकापाठोपाठ न्या. दोन्ही घ्यायचे म्हणजे सिग्नल उलटत नाही, आणि मॅक्स२३२ च्या आउटपुटला एकट्याला मिडीचा करंट ओढवत नाही ती अडचणही सुटते. दुसऱ्या इन्व्हर्टरचं आउटपुट २२० ओहममधून डिनच्या पिन ५ ला, आणि ५ व्होल्ट दुसऱ्या २२० ओहममधून डिनच्या पिन ४ ला. पिन २ ग्राउंडला.

इनच्या बाजूला डिनची पिन ४ तिसऱ्या २२० ओहममधून ऑप्टोकपलरच्या पिन २ ला, डिनची पिन ५ ऑप्टोकपलरच्या पिन ३ ला. डायोड त्या दोन पिनांवर उलटा, पट्टीचं टोक पिन २ कडे. पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ५ ग्राउंड, पिन ६ आणि ५ व्होल्टच्या मध्ये १ किलोओहम, पिन ७ पासून ग्राउंडला १० किलोओहम. पिन ६ मॅक्स२३२ च्या पिन ११ ला, आणि तिथली पिन १४ पोर्टच्या पिन ३ ला. इन सॉकेटची पिन २ मुद्दाम मोकळी ठेवा. ती जोडली की ऑप्टोकपलरनं तोडलेला ग्राउंड पुन्हा जुळतो आणि ऑडिओत हुंकार सुरू होतो.

घरात पडलेला ४एन२५ सारखा ऑप्टोकपलर इथे सरळ बसवला तर नोटा कधी येतील, कधी गाळल्या जातील. तो या वेगाला संथ पडतो, बिटांच्या कडा लोळतात आणि बाइट चुकीचे वाचले जातात. पिन ७ वरचा १० किलोओहम वगळला तर ६एन१३८ सुद्धा असाच रेंगाळू शकतो.

सीरियल, पॅरलल किंवा जॉयस्टिकचा कनेक्टर यंत्र चालू असताना कधीही लावू-काढू नका. अमिगामधल्या सीआयए चिपा (पोर्ट आणि टायमर सांभाळणाऱ्या) अशाच जातात. डिन प्लग चालू यंत्रावर काढायला हरकत नाही. अमिगा जुनाच घेतला असेल तर ५०० प्लस आणि २००० च्या बोर्डावरची, तसंच ए५०१ मेमरी कार्डावरची बॅटरी गळलेली नाही ना ते सगळ्यात आधी पाहा. गळकी बॅटरी तांब्याच्या वाटा खाते, आणि मग दोष इंटरफेसचा की बोर्डाचा हे शोधत बसावं लागतं.

डॉसचा पीसी

साउंड ब्लास्टर १६ किंवा तत्सम कार्डाच्या १५ पिनी जॉयस्टिक पोर्टवरच मिडी असतं: पिन १२ वर आउट, पिन १५ वर इन, पिन १, ८ आणि ९ वर ५ व्होल्ट, ४ आणि ५ ग्राउंड. सिग्नल चिपच्या पातळीचा असल्यामुळे इनसाठी ऑप्टोकपलर असलेली अडॅप्टर केबल घ्या. नुसत्या तारा जोडलेली स्वस्त केबल आउटपुरती चालून जाते, इनला मात्र भरवसा नाही.

या कार्डावर एमपीयू-४०१ चा (रोलँडच्या मिडी इंटरफेसच्या पद्धतीचा) साधा, म्हणजे यूएआरटी मोड मिळतो. ट्रॅकरला तेवढा पुरतो. मूळ एमपीयू-४०१ मधला इंटेलिजंट मोड काही जुन्या गेमना लागतो, आपल्याला त्याची गरज नाही. पत्ता ३३० हेक्स किंवा ३०० हेक्स (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा), कार्डावरच्या जंपरनं ठरतो. जंपर, ब्लास्टर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला पी नंतरचा आकडा आणि ट्रॅकरला सांगितलेला पत्ता, हे तिन्ही एकच असायला हवेत. साउंड ब्लास्टर १६ च्या आधीच्या कार्डांवर मिडी होतं, पण ते एमपीयू-४०१ शी जुळणारं नव्हतं.

कार्ड विकत घेताना डीएसपीचं, म्हणजे कार्डावरच्या आवाज हाताळणाऱ्या चिपचं, व्हर्जन विचारून घ्या. ४.११ ते ४.१३ या व्हर्जनांत, सॅम्पल आणि मिडी एकाच वेळी चालू असताना मिडीचे बाइट मध्येच हरवतात आणि नोटा अडकून राहतात. ट्रॅकरमध्ये तर सॅम्पल आणि मिडी कायमच एकत्र चालतात, त्यामुळे हा दोष इथे जास्तच जाचतो. ४.०५ चं कार्ड मिळालं तर तेच घ्या.

पहिली नोट

सगळं एकदम जोडून आवाजाची वाट पाहू नका. एकेक टप्पा तपासत पुढे जा.

१. सिंथ स्वतःच्या कीबोर्डवर किंवा डेमोवर वाजतो का पाहा. ऑडिओची वायर इथेच निकालात निघते.

२. सिंथ कुठल्या चॅनेलवर ऐकतोय ते बघा. जनरल मिडीच्या मॉड्यूलवर सोळाही चॅनेल खुले असतात, १० वर ताल. रोलँडचं एमटी-३२ हे मॉड्यूल मात्र मुळात २ ते ९ आणि तालासाठी १० ऐकतं. चॅनेल १ वर पाठवलेलं त्याला कळतच नाही, आणि बरेच ट्रॅकर सुरुवातीला नेमका चॅनेल १ देतात.

३. संगणकाच्या आउटपासून निघालेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला एक लाल एलईडी लावा, लांब पाय पिन ४ ला, आखूड पाय पिन ५ ला. वेगळा रेझिस्टर नको, आउटच्या आत तो असतोच. काही पाठवत नसताना एलईडी विझलेला हवा, नोटा गेल्या की तो मंद लुकलुकतो. लुकलुकणं क्षणभराचं असतं, म्हणून खोलीत अंधार करा आणि नोटांनी भरलेला पॅटर्न (ट्रॅकरमधल्या ओळींचं एक पान) वेगानं फिरवा. एलईडी सतत पेटलेला असेल तर इंटरफेसमध्ये सिग्नल उलटला गेलाय, म्हणजे एखादा इन्व्हर्टर कमी किंवा जास्त झालाय. अजिबात पेटत नसेल तर ४ आणि ५ ची अदलाबदल, पत्ता चुकलेला, किंवा ट्रॅकरमध्ये मिडी बंद, यांपैकी काहीतरी.

४. नवा संगणक हाताशी असेल तर जुन्याचं आउट यूएसबी-मिडी इंटरफेसच्या इनला जोडा आणि येणारे बाइट पाहा. विंडोजवर मिडी-ऑक्स, लिनक्सवर एएसईक्यूडम्प (aseqdump) पुरे. चॅनेल १ वरची नोट ९० हेक्सनं सुरू होते, चॅनेल १० वरची ९९ हेक्सनं. आकडे दिसतात पण भलतेच असतील, तर वेग किंवा ऑप्टोकपलर तपासा.

५. आता सिंथ जोडा. आउट नेहमी पलीकडच्या इनला. केबलवर लिहिलेलं इन-आउट कधी संगणकाच्या बाजूनं असतं, कधी उपकरणाच्या, म्हणून शंका आली तर अदलाबदल करून पाहा. त्यानं काही जळत नाही.

ट्रॅकरची सेटिंग आधी घोटून पाहायची असेल तर एम्युलेटर सोयीचा. विनयूएई, डॉसबॉक्स आणि हटारी तिन्ही मिडी बाहेर पाठवू शकतात. तिथे चाललेलं खऱ्या यंत्रावर चाललं नाही, तर दोष बहुधा वायरीत किंवा इंटरफेसमध्ये आहे.

ट्रॅकरमध्ये काय भरायचं

ऑक्टामेडमध्ये आधी मिडी मेन्यूतून मिडी चालू करा. मग रिकाम्या इन्स्ट्रुमेंटला मिडी चॅनेल द्या, आणि हवा असेल तर प्रिसेट क्रमांक. चॅनेल दिला की ते इन्स्ट्रुमेंट सॅम्पल राहत नाही, मिडी होतं. चार चॅनेलच्या मोडमध्ये सॅम्पल पहिल्या चार ट्रॅकवरच वाजतात, त्यापुढचे ट्रॅक फक्त मिडीसाठी. म्हणून पहिले चार सॅम्पलना राखून ठेवा आणि मिडी पाचव्यापासून पुढे मांडा. पाच ते आठ चॅनेलच्या मोडच्या वाटेला मिडीसोबत न गेलेलंच बरं. तो प्रोसेसर खातो आणि आवाजही खराब करतो.

फास्टट्रॅकर २ मध्ये इन्स्ट्रुमेंट एडिटरच्या विस्तारित पानावर मिडी चालू करण्याचा खूण-चौकोन, पाठवण्याचा चॅनेल, प्रोग्रॅम आणि बेंडर रेंज आहे. तिथेच संगणकाचा स्वतःचा आवाज मुका करायचा पर्यायही आहे. तो निवडला नाही तर सॅम्पल आणि सिंथ एकावर एक वाजतात.

इम्पल्स ट्रॅकरमध्ये एफ१२ दाबून गाणं सॅम्पल मोडऐवजी इन्स्ट्रुमेंट मोडमध्ये न्या. नाहीतर मिडीचे खानेच कामाला येत नाहीत. इन्स्ट्रुमेंटच्या पिच पानावर चॅनेल, प्रोग्रॅम आणि बँक भरता येतात. शिफ्ट आणि एफ१ दाबलं की मिडीचं पान उघडतं, त्यात कुठल्या प्रसंगी कुठले बाइट पाठवायचे हे मॅक्रोमध्ये लिहिलेलं असतं. नोट संपवण्याच्या खान्यात शून्य वेलॉसिटीची (वेलॉसिटी म्हणजे कळ दाबण्याचा जोर) नोट लिहिलेली दिसेल. ती चूक नव्हे, मिडीत तो नोट संपवण्याचा रीतसर मार्ग आहे.

प्रोग्रॅम क्रमांकाबाबत सावध राहा. वायरीवर ०ते १२७ जातात, छापील याद्यांत बहुधा १ ते १२८ असतात. पियानोऐवजी त्याच्या शेजारचा आवाज आला तर एकाचा फरक आहे, बाकी काही बिघडलेलं नाही. सप्तकांचंही तसंच. मिडीचा मधला सी, नोट ६०, एका कंपनीच्या कागदांवर सी३ असतो तर दुसरीच्या सी४, आणि इम्पल्स ट्रॅकरमध्ये सी-५. सॅम्पल आणि सिंथ एकाच सुरात आहेत का ते आधी एक नोट लांबवून कानानं जुळवा, आकड्यांवर विसंबू नका.

नोट संपवायला विसरू नका

सॅम्पल संपला की आवाज आपोआप थांबतो. सिंथवरचा ऑर्गन किंवा स्ट्रिंग थांबत नाही. त्याला कुणीतरी थांब म्हणावं लागतं. ट्रॅकरच्या एका कॉलममध्ये पुढची नोट आली की आधीची संपवली जाते, पण कॉलम रिकामा राहिला तर ती वाजतच राहते.

म्हणून मिडी कॉलममध्ये नोट-ऑफ लिहायची सवय लावा. फास्टट्रॅकर २ मध्ये कॅप्सलॉक, इम्पल्स ट्रॅकरमध्ये १ च्या डावीकडची ` ही कळ. ऑक्टामेडमध्ये एफएफएफ कमांड आहे, शिवाय इन्स्ट्रुमेंटला होल्ड मूल्य दिलं तर तितक्या टिकांनंतर (टिक म्हणजे एका ओळीचा बारीक भाग) नोट आपोआप सुटते. तालाला आणि छोट्या प्लक आवाजांना होल्ड फार सोयीचा. व्हॉल्यूम शून्य करणं म्हणजे नोट संपवणं नव्हे. सॅम्पलवर दोन्ही सारखंच ऐकू येतं, सिंथवर नाही.

व्हॉल्यूम कॉलममधला ० ते ६४ चा आकडा नोट सुरू होताना वेलॉसिटी म्हणून, साधारण दुप्पट होऊन जातो. तो एकदाच जातो. नंतर व्हॉल्यूम स्लाइड लावली तरी सिंथला पत्ता नसतो. वाजत असलेली नोट हळू करायची तर कंट्रोलर ७ किंवा ११ (आवाजाची पातळी सांगणारा निरोप) पाठवावा लागतो. सुराची घसर, म्हणजे पोर्टामेंटो, पिच बेंडमधून जाते. त्यासाठी ट्रॅकरमधली बेंडर रेंज सिंथच्या रेंजशी जुळायला हवी. जनरल मिडीत ती मुळात दोन सेमिटोन असते, एमटी-३२ वर बारा. न जुळल्यास घसर भलत्याच स्वरावर जाऊन थांबते.

टिक आणि क्लॉक

मिडी क्लॉक एका मात्रेला २४ ठोके पाठवतो, प्रत्येक ठोका म्हणजे एफ८ हेक्स हा एकच बाइट. ट्रॅकरची नेहमीची मांडणी म्हणजे स्पीड ६, टेम्पो १२५ आणि मात्रेला चार ओळी. एका ओळीत सहा टिक, चार ओळींत चोवीस. म्हणजे या मांडणीत ट्रॅकरचा एक टिक हाच मिडीचा एक क्लॉक. टेम्पो १२५ ला टिक २० मिलिसेकंदांचा असतो, सेकंदाला ५० ठोके, आणि त्याचा अर्थ बरोबर १२५ बीपीएम (मिनिटाला १२५ मात्रा).

आता स्पीड ५ करा. चार ओळींत टिक वीसच झाले. प्रत्येक टिकला एफ८ पाठवणारा ट्रॅकर ड्रम मशीनला चुकीचा वेग सांगणार. म्हणून बाहेरचं यंत्र सिंक करायचं असेल तर स्पीड ६ वर अढळ ठेवा आणि लय टेम्पोनंच बदला. झोका हवा असेल तर एकाआड एक ओळीला स्पीड ७ आणि ५ द्या, दोन ओळींची बेरीज बारा राहते आणि क्लॉक बिघडत नाही. ६ आणि ५ अशी जोडी दिली तर बेरीज अकरा होते आणि ड्रम मशीन हळूहळू निसटतं.

फास्टट्रॅकर २ च्या एफ कमांडमध्ये १ ते १एफ हेक्स म्हणजे स्पीड आणि २० हेक्सच्या पुढे टेम्पो. १२५ म्हणजे ७डी हेक्स. २५ बीपीएम लिहायला जाऊन १९ हेक्स दिलं, तर तो स्पीड होतो आणि गाणं गोगलगाय.

इम्पल्स ट्रॅकरच्या मिडी पानावर एक गोष्ट हातानं दुरुस्त करावी लागते. सुरुवातीच्या खान्यात मुळात एफएफ असतं, म्हणजे रीसेट, आणि टिकचा खाना रिकामा असतो. सिंकसाठी सुरुवातीला एफए आणि टिकला एफ८ लिहा. थांबण्याच्या खान्यात एफसी आधीच असतं.

अमिगावर आणखी एक भानगड. काही जुने प्लेअर पडद्याच्या ठोक्यावर चालतात, पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) यंत्रावर सेकंदाला ५०, एनटीएससीवर (अमेरिकेतल्या पद्धतीवर) ६०. तेच गाणं एनटीएससी यंत्रावर १२५ ऐवजी १५० बीपीएमनं धावतं. सीआयए टायमिंग निवडता येत असेल तर निवडा.

गर्दी

वायर एकेरी आहे, एका वेळी एकच बाइट. एकाच ओळीवर सोळा नोटा असल्या तर शेवटची पहिलीच्या सुमारे १५ मिलिसेकंद मागे सुटते, आणि तालात हे ऐकू येतं. ट्रॅकर साधारणपणे कॉलम डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा ताल आणि बास सगळ्यात डावीकडे ठेवा, पॅड आणि स्ट्रिंग उजवीकडे. हळू चढणाऱ्या आवाजाला दहा मिलिसेकंदांचा उशीर कळत नाही.

प्रत्येक टिकला पिच बेंड पाठवणारा एक कॉलम टेम्पो १२५ ला सेकंदाला १५० बाइट खातो, म्हणजे वायरीचे सुमारे ५ टक्के. आठ कॉलमवर एकदम घसर लावली तर चाळीस टक्के त्यातच संपले, आणि क्लॉकही त्याच वायरीनं जायचाय. प्रोग्रॅम बदल पॅटर्नच्या पहिल्या ओळीवर टाकू नका, आधीच्या पॅटर्नच्या शेवटच्या रिकाम्या ओळीवर टाका. कित्येक सिंथना आवाज बदलायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिली नोट निसटते.

येणाऱ्या बाजूलाही मर्यादा आहे. अमिगाची पॉला चिप आलेला एकच बाइट सांभाळून ठेवते. पुढचा पूर्ण यायच्या आत, म्हणजे ३२० मायक्रोसेकंदांत, प्रोसेसरनं तो उचलला नाही तर तो गेला. हाय-रेझ सोळा रंगांच्या पडद्यावर ६८००० ला चिप मेमरीसाठी थांबत बसावं लागतं आणि कीबोर्डवरून येणाऱ्या नोटा गळतात. पडद्याचे रंग कमी करा, आणि जमल्यास फास्ट रॅम घाला. काही कीबोर्ड सतत अॅक्टिव्ह सेन्सिंगचे (मी अजून जोडलेला आहे असं सांगणारे) बाइट पाठवतात, ते बंद करता आले तर करा.

अडकलेल्या नोटा आणि इतर

नोट अडकली तर कंट्रोलर १२३ नं सगळ्या नोटा सुटायला हव्यात. तरी थांबली नाही तर कंट्रोलर १२० पाठवा. सस्टेन पेडल, म्हणजे कंट्रोलर ६४, दाबलेल्या स्थितीत राहिलं असेल तर १२३ चा उपयोग होत नाही, त्यासाठी आधी ६४ ला शून्य पाठवा. हे तीन निरोप सोळाही चॅनेलवर पाठवणारा एक छोटा पॅटर्न करून ठेवा आणि गाण्याच्या शेवटी जोडा.

सिंथच्या कीबोर्डवरून ट्रॅकरमध्ये नोटा भरताना प्रत्येक नोट दुहेरी वाजत असेल, तर सिंथवर लोकल ऑफ करा. एक नोट सिंथ स्वतः वाजवत होता, दुसरी संगणकाहून परत येत होती.

तीन-चार उपकरणं थ्रूमधून एकामागे एक जोडली की शेवटच्यापर्यंत बिटांच्या कडा झिजत जातात आणि अधूनमधून नोट चुकते. थ्रू बॉक्स घ्या आणि सगळ्यांना एकाच ठिकाणाहून फांद्या द्या.

एमटी-३२ च्या जुन्या आवृत्तीवर पडद्यावर बफर ओव्हरफ्लो दिसला, तर सिसएक्सचे (एखाद्या यंत्रापुरते खास असलेले) निरोप तिला पचण्यापेक्षा भरभर येताहेत. एकेका निरोपानंतर थोडा थांबा ठेवणारं सॉफ्टवेअर वापरा, किंवा सगळे सिसएक्स गाणं सुरू होण्याआधीच, एकेका रिकाम्या ओळीचं अंतर ठेवून पाठवा. काही स्वस्त यूएसबी-मिडी इंटरफेस लांब सिसएक्स मध्येच तोडतात. सिंथमधले आवाज जुन्या संगणकाहून नव्यावर उतरवून घ्यायचे असतील तर एकच डंप (मेमरीची प्रत) दोनदा घ्या आणि दोन्ही फाइलींचा आकार आणि मजकूर जुळतो का ते पाहूनच सिंथची मेमरी पुसा.